बीडची एक खेप

बीड जिल्ह्याचें नांव निघालें म्हणजे बाहेरच्या लोकांस दुष्काळ आणि ऊसतोडणीस जाणाऱ्या मजुरांचे तांडे एवढेंच आठवतें. अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधि आहे, परळीस वैद्यनाथ आहे, हें ठाऊक असणारे यात्रेकरू दर्शन घेऊन आल्या वाटेनें परत फिरतात. अशा जिल्ह्याच्या मुख्य गांवीं कोणी खेळांचा संगणक आणि त्याला साजेसा मॉनिटर घेण्यासाठीं जाईल, ही कल्पना वाचकांस चमत्कारिक वाटेल. तथापि २०२५ च्या मार्गशीर्षांत, योगेश्वरीचा उत्सव आटोपल्यावर, आम्ही अंबाजोगाईहून याच कामासाठीं बीडला जाऊन आलों. त्या खेपेंत जें पाहिलें तें आमच्यासारख्या घरांना उपयोगीं पडेल, म्हणून येथें लिहीत आहों.

आमचें कुटुंब एकत्र आहे. चूल एक, तिजोरी एक. चिरंजीवांचा मुलगा अकरावींत असून त्याला संगणकावरील खेळांचा नाद आहे. पुतण्याची मुलगी त्याहून दोन वर्षांनीं मोठी. तिला चित्रें हालतीं-चालतीं करण्याची विद्या शिकावयाची आहे, व त्यासाठीं ‘ब्लेंडर’ नांवाचा विनामूल्य मिळणारा प्रोग्राम ती एका जुन्या लॅपटॉपवर चालवीत असे. तिचें एक चित्र पुरें होईपर्यंत स्वयंपाकघरांत कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन जात. दोघांत मिळून सव्वा लाखाचें एक चांगलें यंत्र घ्यावें, असें उन्हाळ्यांत ठरलें होतें. पुढें २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यावर जी अतिवृष्टि कोसळली, तींत आमचें सोयाबीन उभ्याउभ्या कुजलें, आणि सव्वा लाखाचे पंच्याऐंशी हजार झाले. तिजोरीची किल्ली थोरल्या सूनबाईंकडे असते. त्यांनीं निघतांना बजावलें, “आबा, पंच्याऐंशीच्या वर एक रुपया निघणार नाहीं. आणि एकाची हौस पुरली व दुसरीचें काम अडलें, असें होऊं देऊं नका. घरांत वर्षभर तीच धुसफूस चालेल.” हें बजावणें योग्यच होतें. अतिवृष्टीसंबंधींच्या एका कागदासाठीं आम्हांस बीडची कचेरी गांठावयाचीच होती. तेव्हां लातूर जवळ असतांहि बीडचाच बेत केला आणि दोन्ही मुलांस बरोबर घेतलें.

अंबाजोगाई ते बीड हा एस्टीचा रस्ता नव्वदेक किलोमीटरांचा. बालाघाटाच्या माळावरून गाडी केज, नेकनूर करीत मांजरसुंब्यास येते आणि तेथून घाट उतरून बीडच्या सखल प्रदेशांत शिरते. पावसाळा लांबल्यामुळें मार्गशीर्षांतहि ओढ्यांना पाणी होतें, व ज्वारी मात्र उशिरा पेरल्यामुळें अजून वीतभरच होती. केजपर्यंत नातवानें आम्हांस संगणकाचे अवयव समजावून दिले. प्रोसेसर हिशेब करतो, रॅम हातांतलें काम धरून ठेवते, एसएसडींत सर्व सांठवण असते, आणि ग्राफिक्स कार्ड क्षणोक्षणीं चित्र काढून तें मॉनिटरकडे पाठवितें. खेळांच्या यंत्रांत सर्वांत महाग अवयव हें कार्डच. आणि विशेष हा कीं, नातीच्या ब्लेंडरचें जड कामहि तेंच करतें. एकाच अवयवांत दोघांचा स्वार्थ आहे, हें ऐकून आम्हांस पुष्कळ धीर आला.

घाट उतरल्यावर बीडच्या अलीकडे खजाना विहीर लागते. आम्ही मुद्दाम तेथें उतरलों. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, अहमदनगरच्या निजामशाहीच्या अमदानींत, ही बांधली गेली. सरकारी खजिन्याचा पैसा हिच्यावर खर्चीं पडला म्हणून हें नांव, अशी आख्यायिका सांगतात. विहीर फार खोल नाहीं. तिची करामत भुयारी मार्गांत आहे. डोंगराकडून पाणी आणणारे मार्ग निराळे व शेतांकडे नेणारा निराळा, आणि उतार असा साधलेला कीं मोटेवांचून व पंपावांचून पाणी आपोआप बागाइतास पोंचावें. येणारें पाणी आणि जाणारें पाणी यांचा मेळ बांधणाऱ्यानें आधीं मनाशीं घातला असला पाहिजे. नुसता घेर मोठा करून हें साधलें नसतें. नातवास आम्ही तेवढें दाखविलें. त्यानें विहिरीचें छायाचित्र घेतलें आणि पुन्हां ग्राफिक्स कार्डाकडे वळला.

बीड आतां पूर्वींचें राहिलें नाहीं. १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनीं, येथून अहिल्यानगरकडे आगगाडी सुरू झाली. तिची वाट पाहण्यांत येथल्या कित्येकांचें आयुष्य गेलें होतें. कचेरीचें काम उरकून आम्ही सुभाष रोड व जालना रोड या भागांतलीं संगणकाचीं दुकानें पाहत निघालों. पहिल्या दोन ठिकाणीं हिशेबाच्या कामाचे तयार संगणक तेवढे होते. तिसऱ्या दुकानांत मात्र कांचेच्या कॅबिनेटमध्यें तांबडे-निळे दिवे फिरत होते, आणि आमच्या नातवाचे पाय तेथेंच थबकले. दिव्यांनीं यंत्राची गति वाढत नाहीं, किंमत मात्र वाढते, हें त्यानेंच आम्हांस बसमध्यें सांगितलें होतें!

दुकानदार तरुण व सौजन्यशील होता. “गुरुजी, बसा,” म्हणून त्यानें चहा मागविला आणि आमचा आंकडा ऐकून एक यादी मांडली. तींत एनव्हिडियाचें ‘आरटीएक्स ३०५०’ हें कार्ड होतें आणि सोबत २७ इंची, किंचित् वांकविलेला, २५६० बाय १४४० ठिपक्यांचा मॉनिटर. मॉनिटर खरोखर देखणा होता. त्यावर डोंगर-समुद्राचीं दृश्यें चाललीं होतीं, व रस्त्यावरचे चार लोकहि आंत येऊन पाहत उभे राहिले.

“आबा, हाच घेऊं या ना,” नातू म्हणाला.

आम्ही कागद मागून घेतला. नेहमींच्या मॉनिटरवर १९२० बाय १०८० ठिपके असतात. गुणाकार २०,७३,६०० होतो. या देखण्या मॉनिटरचा गुणाकार ३६,८६,४००, म्हणजे पावणेदोन पटींहूनहि थोडा अधिक. ज्यास ‘फोर-के’ म्हणतात तो ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. हे सारे ठिपके कार्डाला सेकंदांत साठ-सत्तर वेळां नव्यानें रंगवावे लागतात. आमच्या अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. तें सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापड अक्षरांनीं भरलेलें आहे. कापड वाढलें तशी शाई वाढली, आणि लिहिणाऱ्याचे दिवसहि वाढले. त्या माणसाजवळ तेवढें बळ होतें. ३०५० या कार्डाजवळ तें आहे काय, एवढेंच आम्ही विचारलें.

दुकानदारानें वाद न घालतां प्रयोग करून दाखविला, याबद्दल त्याचें कौतुक केलें पाहिजे. तेंच कार्ड, तोच जड खेळ. साध्या मॉनिटरवर चित्र सुरळीत चाललें होतें. मोठ्यावर घोडेस्वार वळतांना चित्र अडखळूं लागलें. तपशील कमी केल्यावर तें पुन्हां सुरळीत झालें, पण मग झाडांची पानें चिखलाच्या गोळ्यांसारखीं दिसूं लागलीं. मोठा पडदा घेऊन त्यावर ओबडधोबड चित्र पाहावयाचें, तर मोठा कशाला?

येथून हिशेब उलगडला. २७ इंची मॉनिटरऐवजीं २४ इंची, १९२० बाय १०८० चा घेतला तर सुमारें नऊ हजार वांचत होते. तेच नऊ हजार कार्डांत घातले म्हणजे ३०५० च्या जागीं ‘आरटीएक्स ५०६०’ येत होतें. हें कार्ड २०२५ च्या मे महिन्यांत निघालें असून त्यांत ८ जीबी स्मृति आहे. त्याच किंमतीस दुसऱ्या एका कंपनीचें कार्डहि खेळाला तोडीस तोड होतें, व नातवाचा कल तिकडे होता. परंतु ब्लेंडरचें काम एनव्हिडियाच्या कार्डावर अधिक वेगानें होतें, असें नातीनें अभ्यास करून टिपून आणलें होतें. ती सबंध दिवसांत फार बोलली नव्हती. तेवढेंच बोलली, आणि तें निर्णायक ठरलें.

कार्डांच्या नांवांबद्दल एक इशारा येथेंच देऊन ठेवतों. ३०५० या एकाच नांवानें ८ जीबीचें व ६ जीबीचें अशीं दोन कार्डें विकलीं जातात, आणि दुसरें केवळ स्मृतीनेंच नव्हे तर वेगानेंहि कमी आहे. पावतीवर पूर्ण नांव लिहून घ्यावें.

मॉनिटरचा वेग हा दुसरा प्रश्न. ६० हर्ट्झचा मॉनिटर चित्र सेकंदांत ६० वेळां बदलतो, म्हणजे दर सतरा सहस्रांश सेकंदांनीं एकदां. १४४ हर्ट्झचा दर सात सहस्रांशांनीं. ‘व्हॅलोरंट’सारख्या चपळ खेळांत हें कार्ड सेकंदाला १४४ हून पुष्कळ अधिक चित्रें काढूं शकतें, तेव्हां ६० चा मॉनिटर घेणें म्हणजे त्याची निम्म्याहून अधिक मेहनत फुकट दवडणें होय. जड खेळांत चित्रांची संख्या खालीं-वर होते. त्यासाठीं कार्डाच्या चालीनें आपली चाल बदलणारा, ‘ॲडॅप्टिव्ह सिंक’ असलेला मॉनिटर पाहावा. नाहींतर चित्र मधोमध फाटल्यासारखें दिसतें. पडद्याच्या जातींपैकीं आम्ही आयपीएस पसंत केली, कारण नातीला रंग खरे हवे होते आणि बाजूनें पाहिलें तरी ते पालटत नाहींत. एक परीक्षा आमचीहि होती. पडद्यावर लहान टाइपांत ‘बुद्धि’, ‘विद्या’ आणि ‘द्वार’ हे शब्द लिहावयास सांगितले, आणि हातभर अंतरावरून द्ध, द्य व द्व वेगळे ओळखूं येतात कीं नाहीं तें पाहिलें. २४ इंचांवर ते स्पष्ट होते. तितकेच ठिपके २७ इंचांवर ताणलेल्या एका स्वस्त मॉनिटरवर तेच शब्द फुगलेले व कडांना फाटलेले दिसले.

बाकीच्या वस्तूंत फार वेळ गेला नाहीं. रॅमचे भाव मात्र त्या दोन-तीन महिन्यांत भडकले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या यंत्रशाळा सारा माल उचलीत आहेत, हें त्याचें कारण. अमेरिकेंतल्या यंत्रशाळेची भूक सुभाष रोडवरच्या भावांत दिसावी, हा काळच तसा आहे. म्हणून १६ जीबीवर थांबलों, पण दुसरी पट्टी पुढें बसवितां येईल असा बोर्ड घेतला. पॉवर सप्लायमध्यें मात्र काटकसर करूं दिली नाहीं. निकृष्ट सप्लाय जळतांना शेजारच्या महाग वस्तूंसही बरोबर नेतो.

परळीचें औष्णिक वीजकेंद्र आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरांवर. २०१५ च्या दुष्काळांत पाण्यावांचून तें बंद पडलें होतें, हें जिल्ह्यांत कोणी विसरलेलें नाहीं. पण वीज जवळ पिकते म्हणून घरांत ती अखंड राहते असें नव्हे. कार्ड १४५ वॉट खातें. प्रोसेसर, पंखे व मॉनिटर धरून भर खेळांत तीनशेंच्या आसपास जातें. कचेऱ्यांतून दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटांचा असतो. तो ओढाताणीचा वाटल्यावरून आम्ही १००० व्हीएचा घेतला. सर्व मिळून चौऱ्याऐंशी हजार सहाशें झाले.

आतां खेळांविषयीं. पुष्कळ वडील मंडळींच्या मनांत खेळ आणि जुगार एकाच कप्प्यांत असतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतलें अक्षसूक्त ज्यांनीं वाचलें आहे, त्यांस पत्नीनें लोटलेला व सासूनें तिरस्कारलेला तो द्यूतकार विसरतां येणार नाहीं. त्याचें दुःख फांशांत पैसा होता म्हणून होतें. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी घातली, आणि कौशल्याच्या ई-स्पोर्ट्सना निराळें मानलें. हा भेद आम्हांस यथार्थ वाटतो. मात्र साध्या खेळांतहि पोशाख, हत्यारांचे रंग वगैरे विकावयास असतात; म्हणून घरच्या कोणाच्याहि बँकेचें कार्ड त्या यंत्रांत नोंदवावयाचें नाहीं, असा नियम केला आहे.

यंत्र माजघरालगतच्या खोलींत, दाराकडे तोंड करून मांडलें आहे. पहिल्या दिवशीं चिरंजीवांनीं मॉनिटरची तार बोर्डाच्या छिद्रांत खोंचली होती. ती कार्डाच्या छिद्रांत हवी, नाहींतर अठ्ठावीस हजारांचें कार्ड आंत स्वस्थ बसून राहतें. तसेंच विंडोजच्या सेटिंगमध्यें जाऊन हर्ट्झचा आंकडा स्वतः बदलावा लागतो. यंत्र आपण होऊन बहुधा ६० वरच राहतें. दुपार नातीची, संध्याकाळीं परवचा व जेवण झाल्यावर दीड तास नातवाचा, असें वेळापत्रक सूनबाईंनीं भिंतीवर लावलें आहे. चैत्र-वैशाखांत खोली चाळिशीला टेकते, म्हणून कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवलें आहे व पुढच्या जाळीवरची धूळ दर रविवारीं झाडण्याचें काम नातवाकडे आहे.

सध्यां तो ‘राजी’ नांवाचा खेळ खेळतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं तो रचून २०२० मध्यें बाहेर काढला. असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधांत निघालेल्या मुलीची ती कथा आहे, आणि भिंतींवरचीं चित्रें पहाडी शैलींतलीं आहेत. नात त्या भिंतींसाठीं शेजारीं बसते व मधूनमधून “थांब, तें पुन्हां दाखव,” म्हणते. आमच्या मंडळींनीं परवां जपमाळ ठेवतां ठेवतां विचारलें, “सांपडला का रे तिचा भाऊ?”

“नाहीं आजी, अजून दोन मुक्काम आहेत,” तो म्हणाला.