दार उघडं ठेवणारी घरं

दोस्तांनो, मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसा. शेगाव गेलं की अकोला, पुढे मूर्तिजापूर आणि मग बडनेरा. इथे उतरलात की अमरावती अगदी जवळ! काळीभोर जमीन, कापसाची शेतं आणि 'या नं भाऊ, बसा नं' म्हणणारी माणसं. हा आपला वऱ्हाड!

अमरावतीत जुना परकोट आणि त्याच्या वेशी पाहा. अंबादेवीच्या देवळात जा. तिथे सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली मोठी चळवळ झाली होती. अकोल्यात मोर्णा नदी, असदगड आणि राजराजेश्वराचं देऊळ पाहायला विसरू नका.

पण या शहरांनी वाईट दिवसही पाहिलेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दगडफेक आणि जाळपोळ झाली. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात तेच घडलं. निमित्त काय, तर मोबाइलवरचा एक मजकूर! त्यात एका माणसाचा जीव गेला. दोन्ही शहरांत संचारबंदी लागली.

संचारबंदी म्हणजे सुट्टी नव्हे, बरं का! रोज कमवून खाणाऱ्याची चूल विझते. आजारी आजीचं औषध आणायचं कसं, हा प्रश्न पडतो. दगड पोलीस थांबवतात हो, पण शेजाऱ्याबद्दल मनात बसलेली भीती कोण काढणार?

ते काम देवाच्या घरांचं. देऊळ, मशीद, विहार आणि चर्चसुद्धा. अमरावतीत १९५५ पासून कॅथलिक धर्मप्रांत आहे. अकोल्यातही मिशनऱ्यांचं काम जुनं. वऱ्हाडात ख्रिस्ती माणसं थोडी. पण दोघं भांडत असले की मध्ये तिसराच उभा राहू शकतो ना? मात्र तिसरा म्हणजे गप्प बसणारा नव्हे! 'आपल्याला काय त्याचं?' म्हणून फाटक लावून घेणं सोपं असतं. नाव न विचारता भुकेल्याला जेवण देणं, दोन्हीकडच्या मोठ्यांना एका सतरंजीवर बसवणं, हे कठीण. शेजाऱ्यावर प्रेम करा, असं येशूने सांगितलं. शेजारी कोणत्या धर्माचा, हे बघायला नाही सांगितलं.

थोड्या माणसांनी काय होणार, असं वाटतं? जर्मनीतल्या लाइपझिग शहरात सेंट निकोलस चर्चमध्ये दर सोमवारी शांततेची प्रार्थना व्हायची. सुरुवातीला मूठभर लोक येत. ९ ऑक्टोबर १९८९ ला सुमारे ७०,००० माणसं रस्त्यावर आली. समोर हत्यारबंद पोलीस होते, पण गोळी एकही सुटली नाही!

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याने निघालं की मोझरी लागते. इथे तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारला. सगळ्या धर्मांच्या माणसांनी एकत्र बसून प्रार्थना करावी, ही त्यांची शिकवण. १९५५ साली जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म परिषदेलाही ते गेले होते.

तेव्हा वऱ्हाडात याल, तर गिल्ला वडा जरूर खा. पण एक कामही करा. वाटेत जी जी देवाची घरं दिसतील, त्यांच्याकडे नीट पाहा. गावात भांडण पेटलं, तर यांपैकी कोणाचं दार सर्वांसाठी उघडं राहील? हा प्रश्न आईबाबांनाही विचारा. आणि हो, मोबाइलवर कुणाला चिडवणारा मजकूर आलाच, तर तो पुढे पाठवू नका. तुमचंही एक दार आहे ना!