स्लो कुकरमधलं दाणे-चॉकलेट

चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ, चिरोट्याचा साटा यांवर मंडळातल्या जाणत्या बायका दरवर्षी लिहितात, त्यात भर घालण्याची माझी प्राज्ञा नाही. मी लिहिणार आहे ते सासूबाई ज्याला अजूनही 'ते तुझं काळं' म्हणतात त्याबद्दल. भाजलेले दाणे, बदाम आणि चॉकलेट स्लो कुकरमध्ये वितळवायचं आणि चमच्यानं बटर पेपरवर पाडायचं. वड्या म्हणाव्यात तर चौकोनी नाहीत, लाडू म्हणावेत तर वळलेले नाहीत. मुलं सरळ 'कँडी' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

माझ्या नवऱ्याचं वर्कशॉप शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात आहे आणि आमचं बिऱ्हाडही त्याला लागूनच. खिडकीतून दिसतात ते ट्रेलर, लोखंडी पाइपांचे ढीग, टायरची दुकानं आणि एक पठाणी तंदूर. दिवाळीला इथे सुट्टी नसते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही वेल्डिंगच्या ठिणग्या उडतच असतात, त्यामुळे रोषणाई मात्र बारा महिने! वर्कशॉपमध्ये साठेक माणसं. पेशावरची, सिल्हेटची, नेपाळची, बिहारची, आणि पाच-सहा आपली कोल्हापूर-सांगलीकडची. एका खोलीत सहा जण, वरखाली खाटा, आणि स्वतःचं म्हणायला एक पत्र्याचं कपाट. या सगळ्यांना फराळ पाठवायचा तर चकली तुटते आणि चिवडा दमट हवेत दोन दिवसांत सादळतो. साठ जणांच्या करंज्या माझ्या एका ओट्यावर होणं नाही. कपाटात राहील, हाताला चिकटणार नाही आणि कुणालाही कसलाही विचार न करता तोंडात टाकता येईल असं काहीतरी हवं होतं. दाणे-चॉकलेटमध्ये जिलेटिन नाही, अंडं नाही. परदेशी चॉकलेटच्या खोक्यांवर मात्र बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचावं. काहींच्या पोटात मद्य भरलेलं असतं.

स्लो कुकर मी चाळीस दिरहमला घेतला, समोरच्या फ्लॅटमधल्या केरळच्या ताईकडून. तिच्या नवऱ्याची नोकरी गेली आणि महिन्याभरात त्यांनी गाशा गुंडाळला. कॉरिडॉरमध्ये सामान मांडलं होतं : इस्त्री, सायकल, पडदे, कुकर. इथे राहणाऱ्यांना अशी मांडामांड नवी नाही. माझ्या घरातल्या निम्म्या वस्तू कुणीतरी परत जाताना मागे ठेवलेल्या आहेत, आणि आमच्याही व्हिसाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनानं गोल केलेली असते.

या भांड्याची गोष्ट मात्र छान आहे. अमेरिकेतल्या अर्व्हिंग नॅक्सन यांना 1940 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्यांच्या आईच्या माहेरी, लिथुआनियात, ज्यू घरांमधून शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी मांस, कडधान्य, कंदमुळं भरलेलं भांडं गावच्या बेकरीच्या भट्टीत ठेवून येत आणि दुसऱ्या दिवशी शिजलेलं घेऊन येत, कारण शब्बाथला चूल पेटवायची नाही. त्या रात्रभरच्या ऊबेवरून त्यांना ही कल्पना सुचली. पुढे 1971 मध्ये रायव्हल कंपनीनं ते 'क्रॉक-पॉट' नावानं बाजारात आणलं. मला वाचताना आजीच्या चुलीचा वैल आठवला. मुख्य जाळावर भाकरी आणि बाजूच्या वैलावर रटरटणारी आमटी. तिला पेटंट कुणी दिलं नाही इतकंच.

आता कृती. एक किलो सुका मेवा घ्या : सातशे ग्रॅम शेंगदाणे, बाकी बदाम आणि काजू. दाणे मंद भाजून, साल काढून, पाखडून. पाव चमचा बारीक मीठ लावलंत तर चॉकलेटची गोडी उठून दिसते. चॉकलेट एक किलो : सातशे ग्रॅम डार्क, तीनशे मिल्क. मी कंपाऊंडच घेते. क्रॉफर्ड मार्केटात लाद्या मिळतात तेच हे. जाणकार नाक मुरडतील, पण कारण ऐका. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर साधारण चौतीस अंशांना वितळतं, म्हणूनच ते जिभेवर विरतं. पण ते पुन्हा चकचकीत, कडक घट्ट व्हावं तर आधी पंचेचाळीसपर्यंत तापवा, सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत उतरवा, पुन्हा एकतीस-बत्तीसवर आणा. याला टेंपरिंग म्हणतात आणि त्याला थर्मामीटर लागतो, शिवाय थंड ओटा आणि मोकळी दुपार. कंपाऊंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, त्याला ही कसरत नको आणि उन्हातही ते थोडं जास्त धीर धरतं. वर 2024 च्या मार्चमध्ये कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून जगाचा निम्म्याहून अधिक कोको पिकवतात आणि तिथे पीक बुडालं होतं. साठ माणसांसाठी खरं चॉकलेट आणायला आम्ही काही शेख नव्हे.

भांड्यात दाणे खाली आणि चॉकलेटचे तुकडे वर. ही रचना उलटी करू नये. बाजूनं आणि तळातून येणारी आच आधी दाणे झेलतात, म्हणून चॉकलेट करपत नाही. बटण 'लो'वर. झाकणाखाली कोरडं सुती फडकं ताणून बसवायचं आणि त्याची टोकं वर बांधून टाकायची, कारण वाफेचा एक थेंब आत पडला तरी त्यातली साखर ओली होऊन चिकटते आणि चॉकलेटचा रवाळ गोळा होतो. पहिला तासभर झाकण उघडायचं नाही. मग लाकडी चमच्यानं ढवळायचं, पुन्हा अर्धा तास. तीन हिस्से वितळलं की बटण बंद, उरलेलं मातीच्या भांड्याच्या ऊबेवर वितळतं. लो म्हटलं तरी चार-सहा तासांत हे भांडं पाण्याला उकळीच्या जवळ नेतं, म्हणून विसरून बाजारात जाऊ नका. मग बटर पेपरवर चमचा-चमचा पाडायचं. शंभरच्या आसपास नग होतात. एसीच्या खोलीत ठेवावेत, फ्रिजमध्ये नको; बाहेर काढल्यावर त्यांना घाम फुटतो.

हा दीड तास मी रिकामी बसत नाही. इथे येण्याआधी पाच वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवत होते. इथे तीन शाळांत विचारलं, तिघांनाही मराठीची गरज नव्हती. मग शनिवारी घरातच सहा मुलांचा वर्ग सुरू केला, आणि दिवाळीच्या आधीचा शनिवार कुकरभोवती भरतो. मुलांच्या लेखी सगळं 'मेल्ट' होतं. चॉकलेट मेल्ट, साखर मेल्ट, तूप मेल्ट. मी फळ्यावर लिहिलं : चॉकलेट वितळतं, साखर विरघळते, तूप थिजतं, पाणी गोठतं, पाक आळतो, चहा निवतो, चिवडा सादळतो. वितळायला ऊब पुरते, विरघळायला दुसरं पातळ काहीतरी लागतं. लगेच एक मुलगी म्हणाली, "मग चॉकलेट गरम दुधात टाकलं तर?" त्यावर दहा मिनिटं भांडण झालं. मुलं भांडली ती मराठीत, म्हणून मी ते सोडवलं नाही. माझा आठ वर्षांचा मुलगा आजीशी फोनवर बोलतो तेव्हा ती 'हो बाळा, हो बाळा' म्हणत राहते आणि तिला अर्धं कळलेलं नसतं, हे मला तिच्या आवाजावरून समजतं. गेल्या जानेवारीत तो तिला म्हणाला, "आजी, तिकडे थंडी आहे ना, मग तूप थिजलं का?" पलीकडे क्षणभर शांतता, मग तिनं डबा उघडून बघून त्याला सांगितलं, की हो, थिजलंय, आणि मग चांगली दहा मिनिटं दोघं तुपावर बोलत होते.

वर्कशॉपमध्ये कागलकडचे एक मामा आहेत, वेल्डर, वीस वर्षं इथे. मुलगी बारावीला. दोन वर्षांतून एकदा घरी जातात. दोन दिवाळ्यांपूर्वी डबा परत द्यायला आले तेव्हा म्हणाले, "वैनी, ह्ये घरापत्तूर टिकंल का वो? मी आपलं चार ठिवल्यात पोरीसाठी. मे म्हैन्यात जायाचंय." दिवाळी नोव्हेंबरात आणि जाणार मे महिन्यात! सहा महिने पत्र्याच्या कपाटात चार कँडी जपायच्या त्यांच्या बेतावर मला काय बोलावं सुचेना. ते चार त्यांना खायला लावले आणि मे महिन्यात ताजा घाणा घातला. काजू कमी, दाणे जास्त, सगळं डार्क कंपाऊंड. प्रवासाचा हिशोब केला : खोली ते विमानतळ, तीन तास विमान, मुंबईहून रात्रीची एसी बस कोल्हापूरपर्यंत, तिथून कागल आणि पुढे वडाप. धोका फक्त शेवटच्या टप्प्याला. स्टीलचा डबा, आत बटर पेपरचे थर, बाहेर वर्तमानपत्र आणि मग बॅगेच्या मधोमध टॉवेलात गुंडाळून.

चौथ्या दिवशी मामांच्या फोनवरून मुलीचा फोटो आणि खाली संदेश : 'काकू, छान आहेत. पण वर पांढरं आलंय, बुरशी आहे का?' बुरशी नव्हती. वाटेत थोडं वितळून पुन्हा घट्ट झालं की चरबी वर येऊन असा पांढुरका थर धरतो. खायला काही हरकत नसते. तसं कळवलं. त्यानंतर तिचे अधूनमधून प्रश्न येत राहिले, काही चॉकलेटचे आणि बरेचसे वडिलांचे : तिथे ऊन किती असतं, दुपारी काम बंद ठेवतात हे खरं का, पप्पा जेवतात ना वेळेवर. मी खरं तेच लिहिलं. 15 जून ते 15 सप्टेंबर उघड्यावरचं काम साडेबारा ते तीन बंद असतं. जेवतात, पण कांदा आणि ठेचा जास्त.

या दिवाळीत तिला ही कँडी स्वतः करायची आहे, आणि तिच्याकडे स्लो कुकर नाही. तेव्हा तिच्यासाठी, आणि गावाकडे हा अंक वाचणाऱ्या सगळ्यांसाठी : पातेल्यात दोन बोटं पाणी तापवा, उकळी येण्याआधी गॅस बंद करा. वर नीट बसेल असं कोरडं स्टीलचं भांडं ठेवा, त्याचा तळ पाण्याला लागता कामा नये. चॉकलेट बारीक चिरून त्यात घाला आणि ढवळत राहा. पाणी निवलं तर भांडं उतरवून, तळ पुसून, पाणी पुन्हा तापवा. दाणे शेवटी घालायचे, कोमट असताना. गार दाणे घातले तर चॉकलेट लगेच धरतं आणि गोळ्या पाडायला वेळ मिळत नाही.