जमेची बाजू

“या सगळ्याला तुम्हांला वेळ तरी कसा हो मिळतो?”

हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला जातो, त्याच्या निम्म्यानेही “तुम्ही हे करता तरी कशाला?” असे कोणी विचारत नाही. वास्तविक दुसरा प्रश्न अधिक रास्त आहे. मराठीच्या प्राध्यापकाने मोरोपंतांच्या आर्या सोडवाव्यात, समास सोडवावेत, फार तर सुटीत शब्दकोडी सोडवावीत. त्याने डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून सहा फूट पंखांचे विमान बनवावे, याला काही कारण हवे. पण पाहुणे कारण विचारीत नाहीत. ते वेळेचीच चौकशी करतात, आणि त्यांच्या स्वरात कौतुकापेक्षा संशय अधिक असतो. हा मनुष्य कॉलेजात शिकवतो की नाही, असा.

वेळ या शब्दाची आपल्या भाषेत मोठी गंमत आहे. तो पुल्लिंगी आहे आणि ती स्त्रीलिंगीही आहे. जो लागतो, जातो, मिळतो तो वेळ पुरुष. जी येते, टळते, साधावी लागते ती वेळ स्त्री. घरात वेळ घालवणारे कोण आणि वेळ साधणारे कोण, हे व्याकरणकारांना आधीच ठाऊक असावे! शिवाय आपण वेळ ‘काढतो’. आता काढणे या क्रियापदाला पंचमीची अपेक्षा असते. पाणी विहिरीतून काढतात, काटा पायातून काढतात, पैसे खात्यातून काढतात. वेळ मात्र आपण नुसताच काढतो. तो कुठून काढला, हे वाक्यात कुठे येत नाही.

माझी कार्यशाळा नऊ फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. एका टोकाला फळी, तिला जखडलेला व्हाइस, खाली पेटीत रंधा, पटाशी, दोनतीन करवती आणि कानशींचा एक जुडगा. दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या. या दोन राष्ट्रांची सरहद्द पावसाळ्यात नेहमी पेटते. विमान बिनएंजिनाचे आहे, हातातून सोडायचे. पण त्याच्या पंखाला खऱ्या विमानासारख्याच फासळ्या असतात. बाल्सा नावाचे लाकूड इतके हलके आणि मऊ की ते ब्लेडने कापता येते. एकेक फासळी कापायची, सगळ्या एकत्र बांधून पॉलिशपेपरने सारख्या करायच्या, नकाशावर टाचणीने टाचायच्या आणि चिकटवायच्या. मग पंखावर पातळ कागद ताणून त्याला डोप लावायचे. हवा दमट असली की डोपवर पांढुरकी साय धरते आणि सारे पुन्हा करावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये म्हणूनच मी फक्त लाकूडकाम करतो.

अशा कामाला फुटकळ वेळ चालत नाही. उत्तरपत्रिका लोकलमध्येही तपासता येतात (तपासू नयेत, पण येतात). इथे मात्र पसारा मांडायला पाव तास, आवरायला पाव तास, आणि मध्ये हात स्थिर व्हायला आणखी थोडा. म्हणून रविवारची सकाळ, सहा ते दहा. त्यात कोणी हाक मारायची नाही, असा माझा दंडक.

अमेरिकेत घरच्या घरी खरीखुरी, माणूस बसवून उडणारी विमाने बांधणारे हजारो लोक आहेत. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः शिक्षणासाठी किंवा छंद म्हणून केलेले असले, तर तिथला कायदा अशा विमानाला निराळ्या वर्गात घेतो. म्हणून ही मंडळी कामाची रोजनिशी ठेवतात, फोटो काढतात, तास लिहितात. तयार सुट्या भागांचा संच विकत घेतला तरी दोन आसनी विमानाला साधारण दीड ते दोन हजार तास लागतात. आठवड्याला पाच तास धरले तर सहा ते आठ वर्षे! ही माणसे एकमेकांना सल्ला देतात तोही असाच: रोज थोडे तरी करा, एक रिव्हेट ठोका पण गॅरेजमध्ये जा. मला तो फार आवडला. मीही एक वही घातली आणि तिच्यात तास लिहू लागलो.

पण माझे खरे दैवत म्हणजे राइट बंधू. त्यांच्या उड्डाणाची गोष्ट शाळेत सर्वांनी वाचलेली असते: १७ डिसेंबर १९०३, किटी हॉकची वाळू, बारा सेकंद, एकशेवीस फूट. मला त्यापेक्षा त्यांचे वेळापत्रक मोहक वाटते. डेटन गावात त्यांचे सायकलींचे दुकान होते आणि सायकलीचा धंदा ऋतूंवर चालतो. वसंतात आणि उन्हाळ्यात गिऱ्हाइकांची रीघ, आणि बर्फ पडू लागले की सायकलीला कोण विचारतो? विमान बसवले ते त्या रिकाम्या महिन्यांत. १९०० साली ते किटी हॉकला पहिल्यांदा गेले ते धंद्याचा हंगाम आटोपल्यावर, सप्टेंबरात. १९०१ च्या शरदात दुकानाच्या माडीवर त्यांनी लाकडी पेटीचा एक बोगदा केला, त्यातून वारा सोडला आणि दोनशेच्या आसपास चिमुकल्या पंखांची परीक्षा घेतली. नोकरी-धंदा सांभाळून, सरकारी मदत न घेता! दर सत्राच्या अखेरीस, पेपरांचा गठ्ठा हातावेगळा झाला की, मला त्या माडीची आठवण होत असे.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात एका संध्याकाळी माझी तासांची वही आमच्या हिच्या हाती लागली. ही बँकेत हिशेब तपासणीच्या खात्यात आहे. दुसऱ्यांच्या शाखांत जाऊन त्यांच्या वह्यांतून चुका काढणे हा तिचा व्यवसाय, आणि तांबडी पेन्सिल हे तिचे हत्यार. तिने वही चाळली. दोनशे बारा तास. मग पट्टी घेऊन पानाच्या मध्यावर सरळ रेघ ओढली.

“अहो, ही एकच बाजू आहे,” ती म्हणाली. “दोनशे बारा जमा. नावे कोणाच्या?”

मी म्हटले, “रविवारच्या.”

“रविवार हे खाते नसते,” ती म्हणाली आणि लिहायला बसली.

आईंचे इन्सुलिन आणि त्यांचा नाश्ता. भाजीबाजार. चिरंजीवांचे गणित. गॅस, दूध, इस्त्रीवाला: सहा ते दहाच्या दरम्यान वाजलेली प्रत्येक बेल. गॅलरीतले ओले कपडे आतल्या खोलीत वाळवणे आणि दोनदा उलटवणे. प्रत्येक बाबीपुढे तास. खाली बेरीज एकशे चौऱ्याण्णव. उरलेले अठरा तास, तिने प्रामाणिकपणे नोंदवले होते, ‘झोपेतून’, आणि ते माझ्या नावे टाकले होते. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते. रागाला काही उत्तर देता येते. जुळलेल्या ताळेबंदाला काय देणार?

मग तिने वही मिटली आणि म्हणाली, “मला शनिवारची दुपार हवी आहे. दर शनिवारची. कोणी हाक न मारता.”

ते कशासाठी, हे सांगण्यापूर्वी मला राइट बंधूंकडे परत जायला हवे. कारण त्या रात्री मी त्यांचे चरित्र पुन्हा काढले आणि त्यात नावेची बाजू शोधू लागलो. ती सगळी तिथे होती. १९०१ च्या जूनमध्ये त्यांनी चार्ली टेलर नावाचा यंत्र-कारागीर आठवड्याला अठरा डॉलरवर ठेवला. तो दुकान सांभाळू लागला आणि त्या वर्षी दोघे भाऊ ऐन जुलैत, भर हंगामात, किटी हॉकला जाऊ शकले. पुढे विमानाचे एंजिनही त्यानेच सहा आठवड्यांत घडवले. आणि घर? आई सुसान ही गाड्या बनवणाऱ्या कारागिराची मुलगी, हत्यारे हाताळण्यात तरबेज; मुलांच्या हातातली कला तिच्याकडून आली. ती १८८९ मध्ये वारली. तेव्हा धाकटी कॅथरिन पंधरा वर्षांचीही झाली नव्हती. घराचा भार तिच्यावर आला. तिघां भावंडांत पदवीधर ती एकटी. गावच्या हायस्कुलात ती लॅटिन शिकवी. भाऊ वाळूत असत तेव्हा वडील, घर आणि दुकानाकडे लक्ष ही तिची कामे. टेलरशी तिचे मुळीच पटत नसे. मदतीला कॅरी नावाची एक मुलगी होती, ती कामाला लागली तेव्हा चौदा वर्षांची होती.

भाषेच्या शिक्षिकेवर माझे लक्ष जरा अधिक खिळले तर वाचकांनी क्षमा करावी. १७ सप्टेंबर १९०८ ला फोर्ट मायरच्या मैदानावर ऑर्व्हिलचे विमान कोसळले. त्याचा सोबती दगावला, तो स्वतः जबर जखमी झाला. कॅथरिनने शाळेतून रजा घेतली आणि त्याच्या उशाशी जाऊन बसली. ती पुन्हा शाळेत शिकवायला गेलीच नाही. पुढे युरोपात राजेलोकांनी तिचेही कौतुक केले हे खरे. १९१२ मध्ये विल्बर गेला, १९१७ मध्ये वडील. घरात ती आणि ऑर्व्हिल. १९२६ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, तिने जुन्या कॉलेजमित्राशी लग्न केले. ऑर्व्हिल लग्नाला गेला नाही; बहिणीशी बोलेनासा झाला. १९२९ मध्ये ती न्यूमोनियाने आजारी पडली तेव्हा, अगदी शेवटच्या घटकेला, तो तिच्या बिछान्यापाशी पोचला.

एकदा अशी नजर बसली की ती दुसरीकडेही जाते. अमेरिकेतल्या हौशी विमानबांधणाऱ्यांची मोठी संस्था पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये स्थापिली. बरीच वर्षे तिचे कार्यालय म्हणजे त्यांच्या घराचे तळघर, आणि पत्रे, सभासदांच्या याद्या, हिशेब हे सांभाळीत त्यांच्या पत्नी ऑड्री. आणि दूर कशाला जा! आमच्याच मुंबईत, कांदिवलीला, अमोल यादव या वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. आधीचे दोन प्रयत्न फसले होते. तिसऱ्याला सुमारे सहा वर्षे लागली, नोकरीतल्या उड्डाणांमधल्या सवडीने. इमारत पाच मजली, लिफ्ट नाही. लेथ, वेल्डिंगची यंत्रे, जनरेटर सारे जिन्याने वर. एकोणीस माणसांचे एकत्र कुटुंब खाली नांदत होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या प्रदर्शनात मांडण्यासाठी ते विमान सुटे करून क्रेनने गच्चीवरून उतरवले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. वर्तमानपत्रांनी वैमानिकाची जिद्द वाखाणली, आणि ती वाखाणण्याजोगी आहेच. पण सहा वर्षे डोक्यावर लेथचा आवाज ऐकत जेवणाऱ्या त्या घराविषयी मला अधिक वाचायला आवडले असते. माझ्या घरी नुसता पॉलिशपेपर घासला तरी आई टीव्हीचा आवाज वाढवते.

तर शनिवारची दुपार. हिच्या आजोळी, वाईला, एक लाकडी पेटी आहे. तिच्यात हिच्या पणजोबांची पत्रे आणि जमिनीचे कागद आहेत, सगळे मोडीत. घरात मोडी वाचणारे कोणी उरलेले नाही. मोडी शिकायचे हिने ठरवले त्याला अकरा वर्षे झाली. कागदाच्या घड्यांवर भेगा पडत चालल्या आहेत. आणि त्या पत्रांतली ‘चि. बाबू’ कोण आणि ‘वरच्या वाड्यातल्या वहिनी’ कोण, हे सांगू शकणारे एकच माणूस आहे: हिचे मामा. ते सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत.

पौषापासून ही दर शनिवारी ठाण्याला मोडीच्या वर्गाला जाते. आईचे इन्सुलिन मी देतो. पहिल्या दिवशी आईने सुई पाहून विचारले, “तुला हे येते?” आणि मग डोळे मिटून दंड पुढे केला. चिरंजीवांचे गणित मला आठवीपर्यंतचेच जमते, तेव्हा तो आता ते शेजारच्या काकांकडे शिकतो. बेल मात्र कोणी उघडावी, हा वाद मिटलेला नाही. माझे रविवारचे चार तास अडीचवर आले. विमान या दिवाळीला उडायचे होते. ते आता पुढच्या होळीच्या सुमारास उडेल, तेही हवा कोरडी राहिली तर.

वही चालू आहे. रेघ मधोमध आहे. उजव्या बाजूला आता माझेही अक्षर दिसते. तपासनीस महिन्याअखेरी बेरीज पाहून तांबडी बरोबरची खूण करतात, किंवा करीत नाहीत.

हिला आता पत्राचा मायना आणि तारीख सरसर वाचता येते. मधला मजकूर अजून अडतो, कारण पणजोबांचे अक्षर पळते होते. वर्गात छापील धडे सोपे गेले. खरे माणूस मात्र घाईत लिहीत होते. पेटीतली नऊ पत्रे तिने फोटो काढून आणली आहेत, त्यांतली चार लागली. एकात बैल विकल्याची हकीकत आहे, एकात कोणा मुलीच्या तापाची, आणि त्या मुलीचे नाव लागत नाही.

भाऊबीजेनंतर आम्ही तीन दिवस वाईला जाणार आहोत. मामांना वाचून दाखवायची ती चार पत्रे हिने मोठ्या देवनागरी अक्षरात लिहून काढली आहेत, आणि त्या मुलीच्या नावाच्या जागी रेघ सोडली आहे. निघण्याच्या आदल्या रात्री मी उजव्या पंखाच्या फासळ्या चिकटवून ठेवीन. तीन दिवस गॅलरीत कोणी जाणार नाही. गोंद वाळायला तेवढे पुरे.