घरघरीचा माग

दिवाळी सरते, धान कापून होते आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. वडसा-देसाईगंजहून नाटकमंडळ्या गावोगावी निघतात. जिथे मंडई किंवा शंकरपट, तिथे मंडप पडतो आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. तुम्ही या भागातले असाल, तर घोंगडी पांघरून असे नाटक पाहिलेही असेल. माझ्या आठवणीत मात्र पहिल्यांदा येतो तो पडद्यामागचा आमचा जुना, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. वडील तो भाड्याने देत आणि हाताखाली मी असे.

त्याचा आवाज गोड होता. पण त्यामागे अखंड घरघर असे. एकदा मध्यंतरात एक म्हातारी म्हणाली, “आवाज येते बाबू, पन बोलनं समजत नाही.” ते वाक्य मला लागले. ॲम्प्लिफायर एका फळीवर, ऑर्गन दुसऱ्या फळीवर. दोन्हींचे अर्थिंग निराळे. ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगची तार मी सोडली आणि घरघर थांबली! मी खूश झालो. दुसऱ्या अंकात नायिकेचा हात माइकच्या दांड्याला लागला आणि झटक्याने मागे आला. ती सावरली, नाटक पुढे चालले. वडिलांनी काही न बोलता तार पुन्हा जोडली. यंत्रातून झिरपणारी वीज जमिनीत नेणारी तीच वाट मी तोडली होती.

पुढच्या प्रयोगापासून दोन्ही यंत्रे एकाच फळीवरून, एकाच अर्थिंगवर चालू लागली. घरघर बरीच कमी झाली. उरलेलीचा माग वडिलांनी घरी काढायला शिकवला. आवाजाचे बटण शून्यावर आणा. घरघर तशीच राहिली, तर दोष बटणाच्या पुढच्या भागात किंवा वीजपुरवठ्यात; थांबली, तर बटणाच्या आधी, माइकच्या बाजूला. मग स्वर ऐका. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तने घेते. व्हॉल्व्हची तापतार किंवा माइकची वायर ती उचलते, तेव्हा खोल खर्ज ऐकू येतो. विजेला एकदिश करताना तिच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरल्या, की उरलेली लहर 100 आवर्तनांची, म्हणजे एक सप्तक वर. आमची घरघर वरच्या सप्तकातली होती; बटण शून्यावर आणूनही ती हटत नव्हती. दोषी होता वीज सपाट करणारा जुना, आतून सुकलेला कंडेन्सर.

तो बदलण्याआधी वडिलांनी प्लग काढला, कंडेन्सरमध्ये साठलेली वीज रेझिस्टरमधून उतरवली आणि मीटरने तपासली. बंद यंत्रातही तीनशेच्या वर व्होल्ट दडून राहू शकतात. मग तापतारेच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन बसवल्या, माइकची वायर ट्रान्सफॉर्मरपासून दूर नेली. घरघर पुरती गेली नाही. कान भोंग्याला लावला, की बारीक ऐकू येई. वडील म्हणाले, “एवढी राहू दे. बोलणं तिच्या वर आहे.”

मित्रहो, दोष झाकणे आणि दोष शोधणे यांत मला तेव्हा फरक वाटत नव्हता. दोन्हींनी घरघर थांबते. पण एकाची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते. पुढच्या हंगामात त्याच गावी नाटक लागले. नायिका अगदी हलक्या आवाजात बोलली आणि शेवटच्या रांगेतून दाद आली. मी पडद्यामागे अर्थिंगची तार पुन्हा एकदा तपासत होतो.