हिर्टा बेटावरून

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, हेब्रिडीजच्याही पलीकडे, अटलांटिकमध्ये सेंट किल्डाची बेटे आहेत. कायमची वस्ती फक्त हिर्टावर होती. १६९७ साली तिथे सुमारे १८० माणसे होती. १९३० साली ३६.

ग्रेट ऑक या पक्ष्याला उडता येत नसे. १८४० च्या सुमारास शेजारच्या सुळक्यावर एक सापडला. त्याला बांधून ठेवले. मग वादळ आले. वादळ आणणारी चेटकीण हीच, असे ठरले. त्याला मारले. ब्रिटनमध्ये त्यानंतर ग्रेट ऑक दिसल्याची नोंद नाही.

१८५२ मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघाले. त्यातले बरेच जण वाटेतच वारले.

जन्मलेली बरीच मुले आठवड्याभरात धनुर्वाताने जात. १८९० च्या दशकात बेटावरच्या पाद्र्याने मुख्य भूमीवर जाऊन सुईणपण शिकून घेतले. मुले जगू लागली. गेलेल्या गोष्टींत धनुर्वात गेला, ते बरे. तोवर घरे कमी झाली होती.

जमिनीचा खंड पैशांत नसे. पिसे, पक्ष्यांचे तेल आणि हातमागाचे लोकरी कापड द्यायचे. जमीनदाराचा कारभारी वर्षातून एकदा येऊन घेऊन जाई. पुढे आगबोटींतून पाहुणे येऊ लागले. ते मोजे आणि अंडी विकत घेत. नाणी तेव्हा हातात खेळू लागली.

गॅनेट, फुलमार, पफिन हे पक्षी खाण्यात रोजचे. त्यांच्यासाठी कड्यावरून दोराने उतरावे लागे. दोर बापाकडून मुलाकडे जाई. पकडलेले पक्षी घरोघर वाटत. विधवेचा वाटा वेगळा काढत.

पक्षी वाळवायला दगडी कोठ्या होत्या. भिंती बिनचुन्याच्या, वर मातीसकट गवताचे छप्पर. फटींतून वारा आत जाई. हिर्टावर अशा बाराशेहून जास्त आहेत. आत काही नाही.

रविवार सोडून रोज सकाळी पुरुष गल्लीत जमत. आज काय करायचे ते तिथे ठरे. अध्यक्ष नसे, नियम नसत. कधी बोलण्यातच दिवस जाई. बाहेरचे लोक याला पार्लमेंट म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर तरुण बेट सोडू लागले. कड्यावर उतरणारे हात कमी झाले.

निरोप धाडायचा तर लाकडाची छोटी नाव कोरत. पोटात चिठ्ठी आणि टपालाला पुरतील एवढी नाणी. वर मेंढीचा फुगवलेला मूत्राशय. वायव्येचा वारा सुटला की पाण्यात सोडत. ती स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागे, कधी नॉर्वेच्या. १९०० मध्ये पोस्ट ऑफिस उघडले. १९३० मध्ये ते बंद झाले.

त्या वर्षी १० मे रोजी वीस जणांनी सरकारकडे अर्ज केला: आम्हाला इथून न्या. ऑगस्टच्या शेवटी गुरे आणि मेंढ्या बोटीत चढवल्या. कुत्र्यांना पाण्यात बुडवले. २९ तारखेला सकाळी प्रत्येक घरात बायबल उघडे ठेवले, शेजारी ओटची लहानशी रास. मग दारे लावली. हेअरबेल ही आरमारी बोट त्यांना घेऊन गेली.

हिर्टावर झाडे नाहीत. पुरुषांना मुख्य भूमीवर जंगलखात्यात कामे मिळाली.

बेटावर जन्मलेली शेवटची व्यक्ती २०१६ मध्ये वारली. बेट सोडताना ती आठ वर्षांची होती.

घरांत राहणारी उंदरांची एक जात फक्त सेंट किल्डावर होती. माणसे गेल्यावर थोड्याच काळात ती नाहीशी झाली. रानातले उंदीर आहेत.

१९३२ मध्ये शेजारच्या सोए बेटावरून १०७ मेंढ्या हिर्टावर आणून सोडल्या. त्यांची संख्या वाढली. पूर्वी बेटकरी सोएवर जाऊन त्यांची लोकर हाताने उपटून आणत. १९८५ पासून शास्त्रज्ञ गावाभोवतीच्या मेंढ्यांच्या कानांना क्रमांकाचे बिल्ले लावतात, वजन करतात, मेलेल्या मोजतात. लोकर कोणी आणत नाही.