मागच्या दाराने परत आलेले साहेब



आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा आहे. दोन वेळा त्याने मैदानी चाचणी उत्तम दिली आणि लेखी परीक्षेत थोडक्या गुणांनी राहिला. सध्या तो एका सरकारी महामंडळाच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून उभा असतो. दार सरकारचं, पण नोकरी एजन्सीची. गेल्या महिन्यात तो मला म्हणाला, "ताई, आमचे सुरक्षा अधिकारी पोलीस खात्यातून निवृत्त झालेत. पेन्शन चालू आहे. त्यांनाही आमच्याच एजन्सीने आणलंय. मग जागा नाहीत असं आम्हाला का सांगतात? जागा असल्याशिवाय साहेब बसलेत कुठे?"

मला उत्तर सुचलं नाही. मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय, दहा वर्षं वस्त्यांमध्ये काम करतेय, आरक्षणावर भाषणं देते. तरी त्या साध्या प्रश्नाने मला गप्प केलं. त्या रात्री मी असं दुसरीकडे कुठे घडलंय का ते शोधायला बसले, आणि थेट उत्तर आयर्लंडला पोहोचले. तिथे पोलीस खात्यात जे घडलं ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावं असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

उत्तर आयर्लंडमध्ये प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात तीस वर्षं रक्तपात झाला. कॅथलिक लोकसंख्या चाळीस टक्क्यांहून जास्त होती, पण पोलीस दलात कॅथलिक होते जेमतेम 8 टक्के. म्हणजे निम्म्याजवळ समाजाला पोलीस ठाण्यात आपला माणूसच दिसत नव्हता. आपल्या वस्तीतल्या बाईला ॲट्रॉसिटीची तक्रार द्यायला ठाण्याची पायरी चढताना काय वाटतं, हे ज्याला माहीत आहे त्याला हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही. कॅथलिक लोक भरतीला का येत नव्हते, याला दुसरी बाजूही होती. भरती झालेल्याला स्वतःच्याच समाजातून बहिष्काराची आणि बंदूकधारी संघटनांकडून जिवाची भीती असे. त्या काळात तीनशेच्या आसपास पोलीस मारले गेले, हेही विसरून चालणार नाही.

1998 साली शांतता करार झाला. त्यानुसार ख्रिस पॅटन यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस सुधारणा आयोग नेमला गेला आणि सप्टेंबर 1999 मध्ये त्याने 175 शिफारशींचा अहवाल दिला. त्यातली एक शिफारस अशी की दहा वर्षं नव्या भरतीत निम्मे कॅथलिक आणि निम्मे बिगरकॅथलिक घ्यायचे. आधी सगळ्यांनी पात्रता सिद्ध करायची आणि पात्र उमेदवारांमधून समसमान निवड करायची. दुसरी शिफारस अशी की जुन्या अधिकाऱ्यांना भरघोस मोबदला देऊन स्वेच्छानिवृत्ती द्यायची, म्हणजे दल लहान होईल आणि नव्यांना जागाही होईल. 2001 साली जुन्या दलाचं नाव बदललं, बोधचिन्ह बदललं आणि ही भरती सुरू झाली.

गुणवत्तेचं काय होणार, हा आमच्यावर अन्याय नाही का, अशी ओरड तिथेही झाली. आपल्या ओळखीचाच सूर! तरीही 2011 मध्ये ही तरतूद संपली तेव्हा कॅथलिक पोलिसांचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवर गेलं होतं. आठवरून तीस, तेही दहा वर्षांत. आरक्षणाने काय होतं असं विचारणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा.

पण मला पुढची गोष्ट सांगायची आहे. ऑक्टोबर 2012 मध्ये उत्तर आयर्लंडच्या लेखापरीक्षण कार्यालयाने एक अहवाल काढला. पोलीस दलाने 2004 पासून तात्पुरत्या कर्मचाऱ्यांवर 10 कोटी पौंडांहून जास्त खर्च केला होता. हे कर्मचारी नोकरभरती एजन्सीमार्फत आणले होते आणि त्यांतले हजाराहून अधिक जण, म्हणजे सुमारे 39 टक्के, माजी पोलीस अधिकारी होते. मोबदला घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी जवळपास पाचातला एक जण एजन्सीच्या वाटेने परत आला होता.

जरा थांबून हिशेब करा. जनतेने त्यांच्या जाण्याचे पैसे दिले. मग त्यांच्या पेन्शनचे दिले. मग त्यांच्या परत येण्याचे दिले, आणि त्यावर एजन्सीचं शुल्कही दिलं. एकाच माणसावर इतक्या वेळा खर्च करायला पैसा होता!

पोलीस दलाचं म्हणणं होतं की एवढे अनुभवी लोक एकदम गेल्याने तपासाचं कौशल्य कमी पडलं, म्हणून हे करावं लागलं. यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. खुनाचा तपास दोन वर्षांच्या नोकरीत शिकता येत नाही. पण माणसं जाणार हे आधीपासून ठरलेलं होतं. मग जाण्याआधी त्यांचं ज्ञान नव्या लोकांना का दिलं नाही? आणि गरज तात्पुरती होती, तर ती वर्षानुवर्षं कशी चालली?

खरा मुद्दा पैशाच्याही पुढचा आहे. निम्म्या-निम्म्या भरतीचा कायदा कुणी मोडला नाही. तो दलाने स्वतः केलेल्या भरतीला लागू होता. एजन्सीने पाठवलेला माणूस कागदोपत्री दलाचा कर्मचारीच नव्हता, त्यामुळे त्याला तो लागूच झाला नाही. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी तिथे स्वतंत्र लोकपाल आहे, पण एजन्सीचे हे लोक त्याच्या कक्षेत पुरते येत नाहीत, असाही आक्षेप घेतला गेला. म्हणजे माणूस तोच, काम पोलिसांचंच, पैसा जनतेचाच. नाहीसं झालं ते फक्त पद. आणि पदाबरोबर आरक्षण गेलं, उत्तरदायित्वही गेलं.

मित्रांनो, मला त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडलं. आरक्षण पदाला असतं, खर्चाला नसतं. बिंदुनामावली मंजूर पदांची असते. पद रिकामं ठेवून तेच काम एजन्सीकडून करून घेतलं की खर्च वेतनातून उठून कंत्राटी सेवांमध्ये जातो आणि बिंदू तसाच कोरा राहतो. कुणी आरक्षण रद्द केलं नाही, त्यामुळे मोर्चा कुणाविरुद्ध काढायचा तेही कळत नाही.

पोलिसांत शिरण्यासाठी आपल्या माणसांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अर्ज केले आहेत. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने महार समाजाने इंग्रज सरकारकडे लष्करात आणि पोलिसांत खालच्या जागा तरी द्या अशी मागणी केली होती. 30 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत नोकऱ्यांतील समान संधीच्या कलमावर बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट केलं होतं की प्रशासन आजवर मोजक्या समाजांच्या ताब्यात राहिलं, म्हणून बाहेर राहिलेल्यांसाठी दार उघडावं लागेल. त्या दाराला आज कुणी कुलूप लावत नाही. शेजारी दुसरं दार पाडलं जातं, आणि त्याची किल्ली एजन्सीकडे असते.

महाराष्ट्रात 2023 साली सरकारी कामांसाठी नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय झाला होता. तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. तो विजय मोठा होता. पण एक शासन निर्णय रद्द झाल्याने पद्धत संपत नाही, हे त्या महामंडळाच्या दारात उभं राहिलं की दिसतं. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे 45 दिवस किंवा त्याहून जास्त काळाच्या तात्पुरत्या नेमणुकीतही आरक्षण आहे. मात्र माणूस एजन्सीचा म्हटला की नेमणूक सरकारची राहत नाही. अंतर एवढंच, पण त्यात पिढ्या अडकतात.

निवृत्त माणसाचा मला राग नाही. माझे वडीलही निवृत्त आहेत. अनुभव हवा असेल तर घ्या, पण ठरावीक मुदतीसाठी, उघड जाहिरात देऊन, नव्यांना शिकवण्यासाठी. त्यांच्या खुर्चीमागे मंजूर पद लपवू नका.

उत्तर आयर्लंडमध्ये ही गोष्ट उजेडात आली ती कुणीतरी हिशेब मागितला म्हणून. आपल्याकडे माहिती अधिकाराचा कायदा 2005 पासून आहे. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक कार्यालयाला चार प्रश्न विचारा. मंजूर पदं किती आणि रिक्त किती? निवृत्त झालेले किती जण थेट किंवा एजन्सीमार्फत परत घेतले? एजन्सीला वर्षाला किती रक्कम दिली, कोणत्या शीर्षाखाली? आणि बिंदुनामावली शेवटची कधी तपासून घेतली?

त्या महामंडळासाठी असा अर्ज आम्ही अभ्यासिकेत बसून लिहिला. मुलाने मजकूर सांगितला, मी लिहून घेतला. सहीची वेळ आली तेव्हा तो थांबला. "ताई, एजन्सीला कळलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील." ते खरं होतं. कायम नोकरीतल्या माणसाला निदान नोटीस द्यावी लागते. याला एक फोन पुरेसा आहे. आरक्षणाबरोबर प्रश्न विचारायची हिंमतही कशी काढून घेतली जाते, ते मी त्या क्षणी पाहिलं.

अर्जावर मी माझी सही केली. ज्यांची नोकरी फोनवर जात नाही, त्या आपल्यातल्या प्रत्येकाने आता ही सही करायला हवी. तीस दिवसांची मुदत चालू आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.

जय भीम, जय संविधान!