घोड्याची बंदूक

डहाणू रोडच्या चिकूवाडीच्या राखणीला अब्बांची जुनी घोड्याची दुनळी होती. चाप, आमच्या उर्दूत लबलबी, ओढली की घोडा पिनेवर पडे, पीन काडतुसाच्या टोपीवर आदळे आणि बार उडे. पीन झिजली तेव्हापासून कधीकधी नुसता ‘खट्’ होई. बार उशिराही उडतो, म्हणून अब्बा नळी मोकळ्या जमिनीकडे धरून थांबत, मगच बंदूक उघडत.

अब्बांमागे धाकटे भाऊ म्हणाले, “लेथवाल्याकडून पीन करून घेऊ.” आम्ही नको म्हटले. पीन लांब झाली तर टोपी फाटते, आग तोंडावर येते. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्यान्वये दुरुस्तीलाही परवाना लागतो. बंदूक वारशाने आली तरी परवाना येत नाही. परवानाधारक दुकानात ती जमा केली. मुलांना अब्बांचे ते थांबणे तेवढे सांगतो.